स्पेलजॅमर, सहा महिन्यांनंतर: जहाज झकास, खुर्चीने वैताग

स्पेलजॅमर म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका-खेळातली जादूच्या जहाजांची अंतराळसफर; हा त्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा संच, ऑगस्ट 2022 चा. 64 पानांची तीन पुस्तकं, डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) पडदा, नकाशा. तेव्हाची छापील किंमत जवळपास 70 डॉलर, पानं सगळी मिळून 192. एवढे पैसे घेऊन जहाजांची लढाई घाईत उरकलीये ही कुरकुर सगळेच करतात, ती पुन्हा नको. माझं भांडण हेल्मशी आहे, म्हणजे जिच्यात बसून मांत्रिक जहाज हाकतो त्या खुर्चीशी.

वेगाबद्दल तक्रार नाही. मैलभराच्या परिसरात एक टनाहून जड काही नसेल तर दिवसाला 10 कोटी मैल. पृथ्वी ते सूर्य साधारण 9.3 कोटी, म्हणजे 22 तासांचा प्रवास. पण मैलाच्या आत नुसता एक भरलेला टेम्पो तरंगत आला तरी जहाज आपल्या साध्या, रांगत्या वेगावर येतं. लढाई नेहमी याच वेगात होते.

गोची इथे सुरू होते. जहाज ढकलणं आणि वळवणं, दोन्ही कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे मंत्र टिकवणाऱ्या एकाग्रतेवर चालतं, आणि ती एका वेळी एकाच गोष्टीवर ठेवता येते. पायलटला मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर काटकपणाची चाचणी: गाठायचा आकडा 10 किंवा झालेल्या इजेच्या निम्मा, जो मोठा तो. फाशात +2 मिळवणारा साधा विझार्ड (पोथीतून शिकलेला मांत्रिक) 10 च्या सेव्हला 35 टक्के वेळा नापास होतो. तीन घाव बसले तर एकदा तरी घसरण्याची शक्यता 72 टक्क्यांवर. घसरला की जहाज ढकलणारं कोणी नाही. लोकलच्या मोटरमनचा हात हँडलवरून सुटला की ब्रेक लागतो, ते प्रवाशांच्या भल्यासाठी. इथे भलं होतं ते चाच्यांचं.

शिवाय कॉन्सन्ट्रेशन खुर्चीत अडकलं म्हणजे पायलटकडून हेस्ट (साथीदाराला वेग देणारा मंत्र) नाही, जादूची भिंत नाही, कॉन्सन्ट्रेशन लागणारा कुठलाच मंत्र नाही. 1989 च्या मूळ खेळात हेल्मवर बसलेल्याचे त्या दिवसाचे सगळे मंत्र जायचे. ते क्रूर होतं, पण हिशेब रोखठोक होता.

सुरुवातीचे दोन महिने आमच्या टेबलवर समज असा की पायलट बदलायचा तर अ‍ॅट्यूनमेंटसाठी, म्हणजे जादुई वस्तूशी स्वतःला जोडून घ्यायला, तासभराची शॉर्ट रेस्ट लागणारच. तासाभरात तर जहाज लुटून होतं. याच रागावर या संचाला पाचापैकी दोन तारे द्यायचं ठरलं होतं. मग हेल्मचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला: पायलट एक अ‍ॅक्शन (पाळीतली मुख्य कृती) खर्चून राजी असलेल्या दुसऱ्या मांत्रिकाला स्पर्श करतो आणि अ‍ॅट्यूनमेंट तिथल्या तिथे त्याच्याकडे जातं. चूक वाचणाऱ्यांची. तारे साडेतीन.

पण ती अ‍ॅक्शन पायलटची आहे, आणि बेशुद्ध माणसाला अ‍ॅक्शन नसते. म्हणून क्रम असा लावा: आधी क्लेरिकने, म्हणजे देवभक्त मांत्रिकाने, पाळीतल्या छोट्या जादा कृतीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये जखम भरणारा हीलिंग वर्ड मंत्र टाकून त्याला शुद्धीवर आणायचं, मग पायलटने आपल्या पाळीत स्पर्श करून बाजूला व्हायचं, मग नव्या मांत्रिकाने खुर्चीत बसायचं. यात तो दुसरा मांत्रिक खुर्चीशेजारी उभा हवा आणि त्याचा अ‍ॅट्यूनमेंटचा एक स्लॉट रिकामा हवा. तीनच्या तीन जादुई वस्तूंनी भरून बसलेला स्टँडबाय म्हणजे बिनकामाचा.

पायलट म्हणून विझार्डचा हट्ट सोडा. सॉर्सरर (जन्मजात मांत्रिक) आणि आर्टिफिसर (जादुई कारागीर) दोघांनाही कॉन्स्टिट्यूशन सेव्हमध्ये प्रोफिशियन्सी, म्हणजे पातळीबरोबर वाढणारी भर, असते. नवव्या पातळीवर +6 झालं की 10 च्या सेव्हला नापास होणं 15 टक्क्यांवर येतं. विझार्डच बसवायचा असेल तर वॉर कास्टर फीट (जादा कौशल्य) घ्या, नापास होणं साधारण 12 टक्के.

शत्रूच्या बाबतीतही हेच उलटं वापरा. बॅलिस्टा, म्हणजे जहाजावरचं राक्षसी धनुष्य, भरायला एक अ‍ॅक्शन, नेम धरायला एक, सोडायला एक. इजा 3 डी 10, म्हणजे दहा बाजूंच्या तीन फाशांची बेरीज. लाकडी जहाजाचा डॅमेज थ्रेशोल्ड 15, त्याहून कमी इजा मोजतच नाहीत, म्हणजे लागलेल्या बाणांपैकीही तिसरा हिस्सा ओरखडासुद्धा न काढता वाया. तेव्हा सांगाडा फोडत बसू नका, खुर्ची कुठे आहे ते शोधा. आणि आपली डेकवर मिरवू नका. पायलटला जहाजावरचं आणि आजूबाजूचं सगळं कुठूनही दिसतं, त्याला खुशाल तळघरात बसवा.

जहाजाभोवतीच्या हवेचे नियम नावापुरते. 120 दिवस ताजी, पुढचे 120 दूषित, मग जीवघेणी. नेपच्यूनइतकं लांब जायलाही महिना पुरा लागत नाही, तर हवा संपणार कधी?

 

साध्या खुर्चीचं हेल्म करायचं असेल तर मंत्र पाचव्या पातळीचा, म्हणजे विझार्ड नवव्या पातळीचा हवा. किमान 5,000 सोन्याच्या नाण्यांची स्फटिकाची कांडी लागते, आणि ती वापरली की गेली. खर्च तिथेच संपवा, कोरीव सिंहासन घेऊ नका. मांडववाल्याकडची प्लास्टिकची खुर्चीही चालेल. हात असलेली घेऊनही फायदा नाही. नियमाने बेशुद्ध पायलट आडवा पडतोच, आणि शुद्धीवर आल्यावर नुसतं उठण्यातच त्याची अर्धी चाल जाते.