लोहा ओळीतली १३० रुपयांची थापी

नागपूरच्या इतवारीतल्या लोहा ओळीत एका दुकानातून मी गवंडीकामाची लहान थापी घेतली. दुकानाला पाटी नाही, त्यामुळे नाव सांगता येत नाही. भिंत वगैरे बांधायची नव्हती. बीएच्या दुसऱ्या वर्षाला माझे विषय पुरातत्त्व आणि मानवशास्त्र. जानेवारीत आम्हाला पंधरा दिवस उत्खननावर सरावाला नेलं, आणि सामानाच्या यादीत पहिलीच ओळ होती : टोकदार थापी, पातं चार इंच, ज्याची त्याने आणायची. पाच महिने वापरून झाल्यावर हे लिहिते आहे.

खरं सांगायचं तर ही माझी पहिली खरेदी नव्हेच. मी आधी ऑनलाइन बागकामाचा सेट मागवला होता. हिरवी मूठ, फोटोत एकदम झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी दहालाच पातं वाकलं आणि मुठीपाशी नुसता डाग देऊन चिकटवलेला जोड सुटला. बाहेरच्या देशांत पुरातत्त्ववाल्यांसाठी एकाच लोखंडातून ठोकलेल्या खास थाप्या मिळतात, पण किंमत बघून मी मुकाट्याने फोन खिशात ठेवला. तीन दिवस खड्ड्यावरच्या मावशींचं खुरपं मागून काम चालवलं. सुट्टीच्या दिवशी नागपूरला आले आणि मामाला घेऊन इतवारी गाठली.

मामा हुडकेश्वरला गवंडीकाम करतो. तो थापी म्हणतो, दुकानदार करनी म्हणतो. दुकानदाराने आधी मामाकडेच बघून विचारलं, "किती इंची पायजे?" मामा म्हणाला, "मले नाही, हिले पायजे." मग दुकानदार काकांनी माझ्याकडे बघितलं आणि एकदम मऊ आवाजात, "घरी काम काढलं का ताई?" मी सांगितलं, माती खरवडायची आहे, भिंतीची नाही, जमिनीतली. त्यावर त्यांनी समोरच्या चकचकीत थाप्या बाजूला सारून मागच्या पेटीतून ही काढली. काळपट, ओबडधोबड, ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या लोखंडातून ठोकलेली. पातं आणि मान एकाच तुकड्याची, कुठे जोड नाही. मामाने पातं अंगठ्याने दाबून बघितलं. वाकलं नाही. गवंड्याला थोडं लवणारं पातं चालतं, मसाला पसरायचा असतो. आम्हाला लवून चालत नाही.

त्याचं कारण इथली माती. विदर्भातली काळी कपाशीची माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. उन्हाळ्यात भेगा इतक्या रुंद होतात की वरच्या थरातली खापरी त्यांतून घसरून खालच्या, जुन्या थरात जाऊन बसते. म्हणून थरांची रेघ नीट बघावी लागते, आणि ती दिसायची तर खड्ड्याची उभी बाजू एकसारखी खरवडलेली हवी. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते, तेव्हा त्यांनी चौकोनी खड्डे आणि मध्ये न खोदलेली भिंत ही पद्धत इथे रुजवली. त्या भिंतीला आमच्याकडे सगळे 'बॉक' म्हणतात. टिकास, सब्बल, फावडं, घमेलं ही मोठी कामं करतात. बॉकची बाजू मात्र थापीच करते.

सकाळी दव असतं तेव्हा ही माती पात्याला कणकेसारखी चिकटते, दर दोन हातांनी पुसा. दुपारी दोननंतर ती दगड होते. मधले दोन-अडीच तास सोन्याचे. पातं थोडं कलतं धरून आपल्याकडे ओढायचं, ढकलायचं नाही. या थापीला काकांनी धारेला पाणी दिलेलं होतं (म्हणजे तापवून, बुडवून कडक केलेलं), तरी तिसऱ्या दिवशी धार बोथट व्हायला लागली, म्हणून पिशवीत एक कानस ठेवते. कानशीचे दोन हात मारले की पुन्हा कामाला तयार. नवव्या दिवशी बाजू खरवडताना आवाज बदलला. काळ्या मातीवर नुसती खर्र खर्र चालली होती, ती टणटणीत झाली. खाली चोपलेली जमीन होती आणि तिच्यावर बोटभर जाडीची राखेची रेघ. बागकामाच्या हिरव्या मुठीने मला ही रेघ कधी दिसली नसती, हे मी लेखी द्यायला तयार आहे. (गावाचं नाव लिहीत नाही, काम अजून चालू आहे आणि रात्रीचे हौशी खोदणारे सगळीकडे असतात.)

आता दोष. पहिला, टोक फार धारदार आहे. काळ्या-तांबड्या भांड्याच्या एका खापरीवर माझ्या हातून ओरखडा गेला. धुऊन वाळवल्यावर सरांनी भिंगाखाली धरली आणि एवढंच म्हणाले, "ही नक्षी आज सकाळची दिसते." वर्ग हसला. मी त्या संध्याकाळी टोक कानशीने थोडं गोल करून घेतलं. तुम्ही घेतलीत तर आधीच करा.

दुसरा दोष मुठीचा. बाभळीचं लाकूड आहे, पण नीट वाळवलेलं नसावं. फेब्रुवारीत मूठ हलायला लागली, मार्चमध्ये हातात आली. पुन्हा लोहा ओळ. काकांनी मूठ ठोकून बसवली आणि वर लोखंडी कडं चढवलं, मुसळाला साम बसवतात तसं. ३० रुपये. मी ते बघत उभी राहिले, कारण आदल्याच आठवड्यात आम्ही वर्गात माहुरझरीच्या लोखंडी कुऱ्हाडींची चित्रं काढली होती. माहुरझरी नागपूरच्या अगदी बाहेर, काटोल रोडच्या अंगाला. शां. भा. देव यांनी तिथली दगडी वर्तुळं १९७०च्या सुमारास खोदली. त्या कुऱ्हाडींचं पातं दांड्याला लोखंडी पट्टीने आडवं आवळलेलं असतं, आणि विदर्भातल्या महापाषाणी लोकांची, म्हणजे दगडांची वर्तुळं रचून त्यांत मृतांना पुरणाऱ्यांची, ती खूण समजली जाते. चित्र काढताना मला ती पट्टी शोभेची वाटली होती. मूठ हातात आल्यावर कळलं ती कशासाठी असते.

मानवशास्त्राच्या मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी मला तिथेच अडकवलं. सत्राचा प्रकल्प तोच ठरला : लोहा ओळीतली अवजारं कोण घडवतं, लोखंड कुठून येतं, पाणी देताना रंग कसा ओळखतात. त्यामुळे या दुकानाचा मी जरा जास्तच अनुभव घेतला आहे. काका बोलके आहेत, पण गिऱ्हाईक आलं की तुमचा प्रश्न अर्धाच राहतो. सकाळी लवकर जा. भट्टी मागच्या गल्लीत आहे, तिथले दादा फोटो काढू देत नाहीत, पण शेजारी बसू देतात. मी चार दिवस बसले. तापलेल्या पात्याचा रंग ते 'पिकल्या जांभळासारखा' सांगतात, आणि माझ्या वहीत त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे, कारण मला दर वेळी तो वेगळाच दिसला. पारशिवनीजवळ नैकुंडला लोखंड गाळायची मातीची भट्टी सापडली आहे, साधारण २७०० वर्षांपूर्वीची. तिच्यासमोर बसून वही भरायची सोय नाही, म्हणून मॅडमचा आग्रह लोहा ओळीचा.

नागपुरात पुरातत्त्व आणि मानवशास्त्र हे दोन विषय एकत्र घेणं नवीन नाही, असं सर सांगतात. स्टीफन हिस्लॉप इथे मिशनरी होते. गोंडांविषयीही लिहायचे आणि नागपूरजवळच्या टाकळघाटची दगडी वर्तुळंही बघायला जायचे. १८६३च्या सप्टेंबरमध्ये तिथूनच परतताना पूर आलेल्या नाल्यात ते वाहून गेले. आमच्या सहली तेव्हापासून बहुधा हिवाळ्यातच असतात, हे आमच्या सरांचं मत.

एक सूचना. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या दगडी वर्तुळांवर गेलो तेव्हा सरांनी सगळ्यांच्या थाप्या बसमध्येच ठेवायला लावल्या. संरक्षित स्मारक आहे, तिथे खडासुद्धा हलवायचा नाही. नवी थापी घेतली की हात शिवशिवतात, म्हणून सांगितलं.

एकूण खर्च थापी १३०, साम ३०, कानस वेगळी. मी पाचपैकी चार देते, कापलेला एक मुठीचा. वर्गातल्या आणखी सहा जणांनी तिथूनच घेतली आणि काकांनी त्यांना पहिल्यापासून साम चढवूनच दिली, तेव्हा तुम्हाला कदाचित पाचही द्यावे लागतील. एप्रिलमध्ये मामा माझी थापी 'दोन दिवसांसाठी' एका संडासाच्या फरशीकामाला घेऊन गेला आणि धारेवर सिमेंट थापून परत दिली. तेव्हापासून मुठीवर लाल नेलपॉलिशने माझं नाव आहे, आणि थापी कपाटात कुलपात.