चाक बांधण्यासाठी रिम निवडताना: साधी दुहेरी भिंतीची की ट्यूबलेस?

साताऱ्यात हायब्रिड किंवा टूरिंग सायकलीचे चाक नव्याने बांधून घेणाऱ्यासमोर मुख्यतः दोन पर्याय असतात: ट्यूब घालून वापरायची दुहेरी भिंतीची (मध्ये पोकळी असलेल्या दोन थरांची) ॲल्युमिनियम रिम आणि ट्यूबलेस टायरसाठी घडवलेली रिम. सामान लादून यवतेश्वरचा घाट उतरणाऱ्याने एकेरी भिंतीच्या रिमचा विचार करू नये. दुकानात नुसती ‘अठ्ठावीसची रिम’ही मागू नये, कारण जुन्या काळ्या सायकलीच्या २८ x १½ टायरची बैठक, म्हणजे रिमवर टायरची कड टेकते ती जागा, ६३५ मिलिमीटर व्यासाची असते, तर हायब्रिड-टूरिंग सायकलींच्या ७०० सी मापाची ६२२ मिलिमीटरची, आणि एकीचा टायर दुसरीवर बसत नाही.

बांधणीच्या दृष्टीने मला ३६ भोकांची साधी रिम सरस वाटते. टूरिंगच्या रिमला अनेकदा भोकांत धातूचे आयलेट, म्हणजे छोटी कडी, असतात, त्यामुळे ताण चढवताना निपल (तारेच्या टोकावर फिरवून ताण देणारी छोटी नळी) सहज फिरतो. शिवाय तारा छत्तीस असल्याने एखादी तुटली तरी चाक फारसे आऊट न होता घरापर्यंत येते. ट्यूबलेस रिममध्ये आयलेट क्वचितच असतात, म्हणून निपलच्या बैठकीला तेलाचा थेंब देणे आवश्यक ठरते. मात्र त्यांतील काहींची भोके मध्यापासून थोडी बाजूला सरकवलेली असतात. मागच्या चाकात ती डावीकडे ठेवली की गिअरच्या बाजूच्या व डावीकडच्या तारांच्या ताणातील मोठी तफावत कमी होते.

खरा फरक टायर चढवताना कळतो. कोणत्याही रिमवर टायरची कड मधल्या खोल खाचेत उतरली तरच शेवटच्या वीतभर भागासाठी ढील मिळते. म्हणून चढवण्याची सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून करून शेवट व्हॉल्व्हपाशी करावा. ट्यूबलेस रिमच्या दोन्ही बैठकांना आतून बारीक उंचवटा असतो. तो हवा कमी झाल्यावरही टायरला जागेवर धरतो, पण पंक्चर काढताना कड अंगठ्यांनी खाचेत ढकलावी लागते. अशा रिमला जाड कापडी टेप लावली तर खाच भरून येते आणि टायर चढवणे जवळजवळ अशक्य होते. तिथे पातळ टेपच हवी. शिवाय ट्यूबलेस टायर पहिल्यांदा बसवताना हवेचा झोत लागतो, जो हातपंपाला क्वचितच जमतो, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी अशा रिमवरच्या बारीक प्रेस्टा जातीच्या व्हॉल्व्हला ॲडॅप्टरशिवाय बसत नाही.

ब्रेक रिमवर घासणारे असतील, तर पावसाळ्यात कासच्या रस्त्यावरची जांभ्याची रेव बाजूच्या भिंती झपाट्याने झिजवते. तेव्हा झीज दाखवणारी खूण असलेली जाड भिंतीची रिम घ्यावी. डिस्क ब्रेकला हा प्रश्नच नाही.

घाटात सामानासह फिरणाऱ्याने आणि दूरच्या गावी स्वतःच पंक्चर काढणाऱ्याने साधी रिम घ्यावी. सांगलीकडे मळ्यांच्या वाटांवर बाभळीच्या काट्यांतून रोज जाणाऱ्याला मात्र मी निःसंकोच ट्यूबलेस सुचवेन, कारण बारीक छिद्रे टायरमध्ये ओतलेले सीलंट, म्हणजे गळती बुजवणारा द्रव, स्वतःच बुजवते. यांपैकी कोणतीही घेतली तरी, ती हातात येऊन तिचा निपलपासून निपलपर्यंतचा व्यास मोजल्याशिवाय तारा मागवू नयेत. एकाच मापाच्या दोन रिमांत हा व्यास बराच वेगळा निघतो आणि आखूड तारेला निपलची पुरेशी पकड मिळत नाही.