जिनबेई: भुसावळच्या मे महिन्यात वापरून पाहिलेली

मुलीने ऑनलाइन मागवून दिली. पंचेचाळीसच्या वर पारा गेला की आमच्याकडे अंगावर बनियनसुद्धा नको होतं, त्यामुळे आढेवेढे न घेता घातली.

जिनबेई म्हणजे जपानी लोकांचा उन्हाळ्यातला घरगुती जोड. खाली गुडघ्यापर्यंत चड्डी, वर बाराबंदीसारखा पदरावर पदर घेऊन बांधायचा सदरा. बंद मात्र दोनच ठिकाणी, एक आत, एक बाहेर. पहिल्या दिवशी मी उजवा पदर वर घेतला. व्हिडिओ कॉलवर मुलगी ओरडली, "बाबा, डावा वर घ्या! तसं तिकडे प्रेताला नेसवतात." सौ.ने आधी देवाला हात जोडले, मग माझ्याकडे पाहिलं.

खरी करामत खांद्याला आहे. बाही अंगाला सलग शिवलेलीच नाही. मधे बोटभर फट ठेवून ती दोऱ्याने जाळीसारखी सांधली आहे, बगलेखालीही तसंच. कूलरसमोर बसलं की वारा सरळ काखेत शिरतो. कापड शिजिरा विणीचं, ही वीण तिकडच्या तोकुशिमाची. उभ्या धाग्यांचा ताण कमीजास्त ठेवून कापडाला बारीक सुरकुत्या आणतात, म्हणून घाम आला तरी ते पाठीला चिकटत नाही. इस्त्रीवाल्याने एकदा इमानदारीने कडक इस्त्री करून दिली, तर अगदी साधं कापड होऊन बसलं. पाण्यात बुडवल्यावर सुरकुत्या परत आल्या, तेव्हा जीव भांड्यात पडला.

तक्रारीही आहेत. पहिल्या धुण्यात निळा रंग गेला आणि माझे दोन बनियन आकाशी झाले. विकणाऱ्याने हात वर केले. एल साइज खांद्याला बरोबर, पोटावर मात्र पदर जेमतेम पुरतो. पुढच्या खिशात मोबाइल टाकला की सदरा एका बाजूला लोंबतो. बाविसशे रुपयांत एवढं तरी बघायला हवं होतं.

घरात आणि गच्चीवर झोपायला हिच्यासारखं काही नाही. बाहेरचं सांगत नाही. दूध आणायला गेलो, तर कोपऱ्यावरचा म्हणाला, "काय भो, दवाखान्यातून पळून आले का?"

दुसरी इथेच शिवायची म्हणून टेलरला दाखवली. खांद्याचं जाळीकाम त्याने उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा, एवढं काकूंकडून करून आणा, बाकी मी शिवतो."