विंडोज परत टाकायचं की आधी रॅम काढून बघायची?

आमच्या खानापूरकडं पावसाळा सुरू झाला की घरातला पीसी सकाळी चालू करताना मध्येच निळा स्क्रीन देतोय, दोनतीनदा बटण दाबलं की मग दिवसभर गुमान चालतोय. बेळगावात दाखवायला नेला की पहिला सल्ला ठरलेला, "विंडोज मारूया की नवीन." सोपं वाटतंय, पण सगळी सॉफ्टवेअरं परत टाका, मराठी कीबोर्ड, कन्नड फॉन्ट सगळं परत, आणि दोष हार्डवेअरचा असला तर चार दिवसांनी तेच रडगाणं.

त्यापेक्षा रॅम (पीसीची कामचलाऊ मेमरी, आत पट्टीसारखी बसवलेली असतेय, त्या पट्टीलाच स्टिक म्हणतात) बघणं स्वस्त. प्लग काढायचा, रॅमचे पिवळे पाय शाळेच्या खोडरबरनं हलकं घासायचे (दमट हवेत त्यावर थर धरतोय), दोन स्टिक असल्या तर एकेक लावून बघायची, रात्री झोपताना मेमटेस्ट८६ (रॅम तपासायचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवरनं लावून सोडायचं, एक जरी एरर आली तर स्टिक किंवा स्लॉट (स्टिक बसवायची खाच) गेला समजा. गार असतानाच बंद पडतोय आणि रॅम ठीक असली तर मग संशय एसएमपीएसवर (पीसीला वीज पुरवणारा आतला डबा). त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टमध्ये पाहिजे. त्याचं झाकण मात्र घरी उघडू नका, आत करंट साठून असतोय.

विंडोजचा नंबर कधी? रिस्टार्टला कधीच अडत नाही, पण शटडाऊन करून लगेच, गरम असतानाच चालू केलं तरी अडतंय, तेव्हा. तेव्हासुद्धा आधी फास्ट स्टार्टअप (लवकर चालू व्हायची विंडोजमधली सोय) बंद करून बघा, कारण त्यात शटडाऊन पुरतं होतच नाही, ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) जुन्याच अवस्थेत उठतात. माझं मत रॅमलाच.