60 हजारांचा चुना

आमची मोसंबी अंबड तालुक्यात. अडीच एकर, पावणेतीनशे झाडं, आठव्या वर्षातली. वरचा भाग बरा, पण उताराकडच्या झाडांची नवी पालवी दोन वर्षं पिवळी निघत होती. शिरा तेवढ्या हिरव्या, मधलं पान पिवळंफट्ट. फळ लिंबापेक्षा जरा मोठं होऊन तिथंच थांबायचं. बाग उक्ती घ्यायला आलेला व्यापारी खालच्या ओळींत शिरायचाच नाही, बांधावरूनच म्हणायचा, ‘तेवढं सोडून बोला.’

अशात एक पांढरी गाडी आली. गाडीवर ‘मोफत माती परीक्षण’ लिहिलेलं. उतरलेल्या माणसाने दोन सुयांचा मीटर सरळ ठिबकच्या खाली, जिथं आम्ही खत सोडतो तिथंच खुपसला आणि मान हलवली. म्हणाला, ‘सामू साडेनऊ. रान चोपण झालंय, काका.’ सामू म्हणजे मातीचा पीएच, आणि चोपण म्हणजे सोडियम वाढून बिघडलेलं रान. तसाच मीटर पुढे दुकानात पाहिला, तेव्हा त्यावरचे आकडे 8 ला संपत होते. साडेनऊ कुठून वाचले, देव जाणे.

आबा तिथंच बसले होते. ते म्हणाले, ‘चोपणात पावसाचं पाणी साचून राहतं, आपलं कुठं साचतं? खाली चुनखड आहे, ते सांग त्याला.’ मीच त्यांना गप्प केलं. त्या माणसाच्या हातात मीटर होता ना.

झाडाला चार किलो ‘भू-सुधारक’ टाका म्हणाला. 25 किलोची 44 पोती, 1,450 रुपयांना एक. 63,800 चे ‘खास तुमच्यासाठी’ 60 हजार केले. पोत्यावर हिरवं पान, ‘100 टक्के ऑरगॅनिक’ आणि वाकलेलं झाड. आत काय आहे, त्याचा एक शब्द नाही. परवाना क्रमांक नाही, पावती कच्ची. दोन दिवसांत गड्यांनी सगळी पोती आळ्यांत ओतली.

वर्ष गेलं तरी पालवी पिवळीच. उलट वरच्या दोन ओळीही पिवळ्या पडायला लागल्या. ते त्या पोत्यांमुळेच झालं असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण फोन उचलणं त्याने केव्हाच बंद केलं होतं.

मग कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथल्या मॅडमनी पहिल्यांदा विचारलं, ‘नमुना किती खोलीवरचा?’ मी वरवरची माती नेली होती, ती त्यांनी परत पाठवली. फळबागेला तीन फूट खड्डा घ्यायचा आणि फुटाफुटाची माती वेगळी बांधायची, खत पडतं ती जागा सोडून. अहवालात सामू 8.1 निघाला. म्हणजे चोपण नव्हतंच. मुक्त चुना वरच्या थरात 6 टक्के, दुसऱ्यात 13, तिसऱ्यात 19. मोसंबीला 10 च्या वर चुना चालत नाही. मातीत लोह असतं, पण चुना ते मुळांना मिळू देत नाही, म्हणून कोवळं पान पिवळं. त्यात आमची कलमं जंबेरी खुंटावरची. खुंट म्हणजे ज्याच्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड. रंगपूर खुंट चुना जास्त सोसतो.

‘मग जिप्सम टाकू का?’ मी विचारलं. त्या म्हणाल्या, जिप्सम चोपण रानासाठी असतं, चुनखडीचा चुना त्याने जात नाही. शेणखत आणि ताग वाढवा. लोह फवारणीतून द्या, जमिनीतून द्यायचंच तर ईडीडीएचए चिलेट, म्हणजे चुन्यातही मुळांना मिळेल असं लोह, वापरा, साधं हिराकस (लोहाचं सल्फेट) तिथंच बांधलं जातं. खालच्या रानाला पक्का इलाज नाही, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

निघताना पोत्याच्या तळाची पांढरी भुकटी त्यांना दाखवली. त्यांनी काचेच्या बशीत आधी माझी माती घेतली आणि पातळ ॲसिडचे दोन थेंब टाकले. बारीक फेस आला, चुन्याला येतो तसा. मग भुकटीवर दोन थेंब टाकले, तर ती अशी फसफसली की बशीच्या काठावरून ओघळली. मॅडम काही बोलल्या नाहीत. चुनखडीच्या दगडाचाच भुगा होता तो. चुना लावला म्हणतात, तो मी पैसे मोजून अकराशे किलो लावून घेतला होता.

तक्रार घेऊन पंचायत समितीत गेलो. साहेबांनी विचारलं, ‘सीलबंद पोतं आहे?’ नव्हतं. ‘पक्कं बिल?’ तेही नव्हतं. नमुना सीलबंद पोत्यातलाच लागतो, फोडलेल्या पोत्यावर केस उभी राहत नाही. एक पोतं न फोडता घरात ठेवलं असतं तर त्या माणसाच्या मागे लागता आलं असतं. तुम्ही काही घेतलंत, तर एवढं तरी करा. आणि पोत्यातली चिमूट आधी तपासून घ्या, सुधारक म्हणून विकलेलं असं फसफसलं तर चुनखडीच्या रानात ते जाता कामा नये.

खालच्या सहा ओळी या उन्हाळ्यात काढल्या. वरच्या बाजूच्या पडीक रानात आधी तीन खड्डे घेतले, अहवाल आला, मगच रंगपूर खुंटावरची कलमं सांगितली. रोपवाटिकेत पक्कं बिल मागितलं, तर तो हसला, म्हणाला, ‘झाडाचं कसलं बिल?’ मी पैसे खिशात ठेवून उभा राहिलो. वीस मिनिटांनी त्याने बिलबुक शोधलं.