शोधगंगा आहे, तरी स्वतःची रिपॉझिटरी हवी का? डीस्पेस, ईप्रिंट्स आणि झेनोडो

ग्रंथालय समितीच्या बैठकीत हा प्रश्न हमखास येतो: प्रबंध शोधगंगेवर जातातच, मग वेगळी रिपॉझिटरी, म्हणजे संस्थेच्या संशोधनाचं स्वतःचं ऑनलाइन भांडार, कशाला? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचंच बघू.

शोधगंगा म्हणजे देशभरातल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांना जोडणाऱ्या केंद्राचं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009 च्या नियमावलीनं पीएचडी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं बंधनकारक केलं आणि आज देशभरातले लाखो प्रबंध तिथे प्रकरणवार पीडीएफमध्ये कुणालाही फुकट वाचता येतात. विद्यापीठाला सर्व्हरचा खर्च नाही, देखभाल नाही. प्रत्येक प्रबंधाला 10603 या शोधगंगेच्या क्रमांकानं सुरू होणारा हँडल दुवा मिळतो, म्हणजे सर्व्हरचा पत्ता बदलला तरी न तुटणारा कायमचा दुवा. प्रबंधापुरतं बोलायचं तर एवढं पुरे. पण एमएचे लघुप्रबंध, प्राध्यापकांचे शोधनिबंध, चर्चासत्रातले लेख, विद्यापीठाच्या नियतकालिकाचे जुने अंक, क्षेत्रकार्यात टिपलेल्या ओव्या आणि मुलाखतींच्या ध्वनिफिती यांना तिथे जागा नाही. भाषा आणि समाजशास्त्र विभागांचं कितीतरी मोलाचं काम नेमकं याच कप्प्यात पडून असतं. त्याच्यासाठी रिपॉझिटरी हवी.

रिपॉझिटरी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते डीस्पेसचं. 2002 साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाची ग्रंथालयं आणि एचपी या संगणक कंपनीची प्रयोगशाळा यांनी मिळून ते केलं. शोधगंगाही त्यावरच उभी आहे, गोवा विद्यापीठाची रिपॉझिटरीही. विभाग, त्याखाली संग्रह, त्याखाली नोंद अशी त्याची मांडणी विद्यापीठाच्या रचनेशी सहज जुळते. फाइल आत घेताना ते तिचा चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, नोंदवून ठेवतं. पुढे कधी तपासणी चालवली की एखादी फाइल गुपचूप खराब झाली असेल तर कळतं. जतन करायचं म्हणतो तेव्हा ही सोय मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

अडचण देखभालीची. 2021 मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून त्याचा दर्शनी भाग आणि मागचा भाग वेगळे झाले. एका बाजूला जावा, पोस्टग्रेस आणि सोलर, दुसऱ्या बाजूला अँग्युलर, अशी निरनिराळी तंत्रं सांभाळावी लागतात. संगणक प्रयोगशाळेतल्या जुन्या डेस्कटॉपवर हे चालत नाही. निदान 8 जीबी रॅमचा सर्व्हर आणि लिनक्स जाणणारा माणूस लागतोच. एजन्सीकडून बसवून घेतलं तर करारात पुढच्या आवृत्तीवर नेण्याचं काम लिहून घ्या, नाहीतर सगळं जुन्या आवृत्तीवर अडकून पडतं.

एजन्सीनं बसवलेल्या डीस्पेसमध्ये एक गोष्ट उघडून बघाच. नोंदीच्या दुव्यात 123456789 हा आकडा दिसतोय का? तो डीस्पेससोबत येणारा नमुन्याचा हँडल क्रमांक आहे. स्वतःचा क्रमांक वर्षाला 50 डॉलर भरून मिळतो, पण कित्येक ठिकाणी तो घेतलेलाच नाही. मग सर्व्हरचा पत्ता बदलला की संशोधकांनी संदर्भसूचीत दिलेले सगळे दुवे मरतात. वर्षाच्या चार-साडेचार हजारांसाठी हे होऊ देऊ नये.

ईप्रिंट्स त्याहून जुनं, 2000 सालचं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाचं. पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांवर चालतं, सर्व्हरवर भार कमी. त्याचा जीव शोधनिबंधांत आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेची रिपॉझिटरी 2002 पासून यावर चालू आहे. विज्ञान शाखा मोठी असेल आणि प्राध्यापक स्वतःच निबंध भरणार असतील, तर ईप्रिंट्सचा फॉर्म त्यांना सोपा जातो. पण पर्ल येणारी मुलं आता मिळत नाहीत आणि आपल्या भागात मदतीला धावणारे ग्रंथपाल डीस्पेसवालेच जास्त. केवळ याच कारणानं मी बहुतेकांना डीस्पेस सुचवतो.

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे ग्रंथपाल एकटा, आयटीचा माणूस आठवड्यातून एकदा येणारा, त्यांनी सर्व्हरच्या वाटेला जाऊ नये. हे मी अनुभवानं सांगतो. एका महाविद्यालयात आम्ही हौसेनं रिपॉझिटरी उभी केली. रोजचा बॅकअप व्हायचा, पण त्याच मशीनच्या दुसऱ्या ड्राइव्हवर. डिस्क गेली तेव्हा दोन्ही गेलं. हातात उरली ती नोंदींची एक्सेल शीट. शीर्षकं सगळी, निबंध एकही नाही. काही लेखक निवृत्त झाले होते, दोघे वारले होते.

अशांसाठी झेनोडो ही तयार वेबसाइट. जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेनं 2013 मध्ये सुरू केलेलं, फुकट, एका नोंदीला 50 जीबीपर्यंत जागा, आणि प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक. महाविद्यालयाच्या नावानं तिथे कम्युनिटी (स्वतःचा विभाग) उघडली की सगळं साहित्य एका पानावर दिसतं. उणीव अशी की पत्ता आणि रूप त्यांचंच राहतं, आणि प्रकाशित केलेली नोंद पुढे कधीही मनात आलं म्हणून काढता येत नाही. त्यामुळे लेखकाची लेखी परवानगी आधी घ्या. छापील नियतकालिकातला निबंध असेल तर प्रकाशकाच्या मांडणीतली पीडीएफ न टाकता लेखकाकडची स्वीकृत प्रत, म्हणजे छपाईसाठी मान्य झालेला पण मांडणी व्हायच्या आधीचा मजकूर, मागा.

आता मराठीचं. तिन्हींत देवनागरी नीट चालते, पण आपल्या फायली चालत नाहीत. श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या जुन्या प्रबंधाची पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते. त्यातली एक ओळ कॉपी करून बाहेर चिकटवा, रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता हाती येतो. शोधयंत्रालाही तोच गुंता दिसतो, म्हणजे तो प्रबंध असून नसल्यासारखा. अशा फाइलचा कन्व्हर्टरनं युनिकोड मजकूर करून घ्यावा, किंवा पानांची चित्रं करून त्यावर टेसरॅक्ट या प्रोग्रॅमचं मराठी ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करण्याची सोय) चालवावं. ओसीआरमध्ये जोडाक्षरं चुकतात, तरी काहीच नसण्यापेक्षा बरं. शिवाय आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'कादंबरी' शोधणाऱ्याला 'कादंबऱ्यांमधील' आपोआप सापडेल याचा भरवसा नाही. म्हणून सारांश युनिकोडमध्ये हातानं टंकावा, विषयशब्द मूळ रूपात द्यावेत आणि शीर्षक रोमन लिपीतही नोंदवावं. परदेशात वाढलेली मराठी मुलं आणि अमराठी अभ्यासक बऱ्याचदा तसंच शोधतात.

विद्यापीठाकडे कायमचा सिस्टीम माणूस असेल तर डीस्पेस, स्वतःच्या हँडल क्रमांकासह आणि दुसऱ्या इमारतीत बॅकअप ठेवून. नसेल तर प्रबंध शोधगंगेवर, बाकीचं झेनोडोवर. निर्णय समितीत रखडला तरी एक काम आजपासून करता येतं: प्रबंध किंवा लघुप्रबंध जमा करून घेताना पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइल आणि सही केलेलं परवानगीपत्र मागून घ्या. विद्यार्थी एकदा बाहेर पडला की ती फाइल पुन्हा मिळत नाही.