मॉडच्या ब्रँच सांभाळणारे गिट: जळगावातून एक परीक्षण

जळगाव, भुसावळ आणि धुळे अशा तीन गावांत बसून आम्ही काही मित्र माइनक्राफ्ट या संगणकीय खेळासाठी मॉड, म्हणजे खेळात नवी भर घालणारा कोड, तयार करतो. त्यात केळीची बाग आहे, कपाशीचे शेत आहे आणि भरताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांचा जाळही आहे. त्याचा सोर्स कोड आम्ही गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, ठेवतो.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) कामासाठी गिट लिहिले. तरीही मॉड करणाऱ्यांची मुख्य अडचण ते चांगली सोडवते. खेळाच्या नव्या आवृत्त्या येत राहतात आणि खेळाडू मात्र जुनी आवृत्ती सोडत नाहीत. खेळाची १.२०.१ ही आवृत्ती जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जावा १७ वर चालते, तर १.२०.५ पासून जावा २१ लागते. शिवाय वस्तूंची माहिती साठवण्याची एनबीटीची पद्धत त्याच आवृत्तीत मागे पडून तिथे डेटा कंपोनंट आले. म्हणून आम्ही खेळाच्या प्रत्येक आवृत्तीसाठी एक कायमची ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) ठेवतो आणि नव्या कल्पनांच्या ब्रँच काम संपताच काढून टाकतो. गिटमधली ब्रँच म्हणजे एका कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) चाळीस अक्षरी क्रमांक लिहिलेली इवलीशी फाइल असल्यामुळे ती तयार करायला वा पुसायला क्षणही लागत नाही. या सोयीचाच मोह होऊन ब्रँचचे रान माजते, हे मात्र खरे.

जुन्या ब्रँचमधली दुरुस्ती नव्या ब्रँचमध्ये नेण्याचे दोन मार्ग आहेत. मर्ज केल्यास, म्हणजे दोन ब्रँच एकत्र केल्यास, काय आले आणि काय राहिले याची नोंद गिट स्वतः ठेवते. चेरी-पिक केल्यास, म्हणजे हवी ती कमिट तेवढी निवडून आणल्यास, तीच दुरुस्ती वेगळी कमिट म्हणून उतरते आणि मूळ कमिटशी तिचे नाते राहत नाही. दोन आवृत्त्यांचा कोड फारच वेगळा झाला असेल तर चेरी-पिकच बरे, पण तेव्हा मूळ कमिटचा क्रमांक संदेशात लिहिणारा 'एक्स' पर्याय अवश्य वापरावा. वर्कट्री ही सोय तर मला सर्वांत मोलाची वाटते. दोन ब्रँच दोन फोल्डरमध्ये एकाच वेळी उघड्या राहतात आणि ब्रँच बदलली की कोडमधून मॉड बांधणाऱ्या ग्रेडल या साधनाची पुन्हा सगळी जुळवाजुळव होण्याची वाट पाहावी लागत नाही. उन्हाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर कमिट, नवी ब्रँच, जुन्या कोडशी तुलना हे सारे चालते. फक्त पुश, म्हणजे कमिट सर्व्हरवर पाठवणे, थांबते.

चित्रांच्या बाबतीत मात्र गिट तोकडे पडते. केळीच्या घडाचे सोळा बाय सोळा पिक्सेलचे चित्र दोघांनी दोन ब्रँचमध्ये रंगवले, तर गिट ते एकत्र करू शकत नाही आणि दोहोंतले एक निवडावेच लागते. गिट एलएफएस या मोठ्या फाइलींसाठीच्या जोडणीतले फाइल लॉक (एका वेळी एकानेच फाइल बदलावी यासाठीचे कुलूप) उपयोगी आहे, पण ते सर्वांनी पाळले तरच. चूक दाखवणारे संदेशही नवख्याला कळतील असे नाहीत: 'फिक्स' नावाची ब्रँच असताना 'फिक्स/वांगी' नावाची ब्रँच तयार करता येत नाही, कारण एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी राहू शकत नाहीत, पण संदेशातून हे कारण नवख्याच्या ध्यानात येत नाही.

गिट स्वतः पूर्णपणे मोफत आहे. कोड गिटहब या संकेतस्थळावर ठेवायचा असल्यास दोन गोष्टी आधी पाहाव्यात: शंभर एमबीहून मोठी फाइल तिथे साध्या पुशने जात नाही, आणि मोफत खात्यात ब्रँचला संरक्षण (नको ते बदल रोखणारे नियम) केवळ सार्वजनिक रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) मिळते. आमचा मॉड सर्वांसाठी खुला असल्याने दुसऱ्या अटीची आम्हाला झळ लागलेली नाही.